काचेच्या दारापुढचा तास

वेदवतीबाईंचा ड्रायर ऐन श्रावणात गेला. गेला म्हणजे चोरीला नव्हे, माणसं जातात तसा गेला. आधी काही दिवस कण्हला, मग घुरघुरला, आणि एका सकाळी ड्रममधलं जांभळं लुगडं अर्ध्यापर्यंत वर घेऊन तिथंच थांबला. प्रणेश मेकॅनिक आला, मागचं झाकण काढून त्यानं आत टॉर्च मारला आणि याचे पार्ट आता मिळत नाहीत, नवीनच घ्या, असं सांगून कॉफी पिऊन गेला. झाकण परत लावायचं तो विसरला.

या घरात ड्रायर ही साधी वस्तू नव्हती, हे आधी सांगायला हवं. भीमसेनराव आणि वेदवतीबाई म्हणजे म्हैसूरचे पिढीजात मराठी. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडणात दोन्ही. सोवळ्याला ते मडी म्हणतात. आंघोळ करायची, कुणाचा हात न लागलेलं धुतलेलं लुगडं नेसायचं, मग स्वयंपाक, मग देवाला नैवेद्य. आणि तोवर त्या बाईला कुणी शिवायचं नाही. हे लुगडं वाळायचं छताखालच्या उंच बांबूवर. काठीनं वर टाकायचं, काठीनंच खाली काढायचं. पावसाळ्यात ते चार-चार दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास सुटतो. तो देवाला चालतो की नाही याबद्दल शास्त्र काही बोलत नाही.

त्यांच्या मुलानं, सुधींद्रनं, लग्नाच्या वर्षी हा ड्रायर घेतला तो सगळ्या घरासाठी. पण पहिल्याच पावसाळ्यात वेदवतीबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काठी कशासाठी? हात लागू नये म्हणून. मग या पेटीत तर काठीचंही काम नाही. दार लावलं की आत फक्त वारा. म्हणजे ही मडीचीच पेटी झाली. त्यांनी ती हळदीच्या पाण्यानं आतबाहेर पुसून घेतली आणि त्या दिवसापासून ड्रायरला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असं ठरून गेलं. बाकी सगळ्यांचे कपडे गच्चीत भिजत राहिले आणि एका बाईचं एक लुगडं सात किलोच्या यंत्रात ऐटीत फिरू लागलं. सून ऋचा नाशिकची. तिनं नवी नवरी असताना त्यात एकदा सुधींद्रचे मोजे टाकले. वेदवतीबाई फक्त हळदीची वाटी घेऊन आल्या. त्यानंतर ऋचा त्या बाजूला फिरकली नाही, आणि दोघींमध्ये एक गुळगुळीत सभ्यपणा येऊन बसला. कामाला येणाऱ्या कृष्णवेणीला तर त्या कोपऱ्यात केर काढायचीही बंदी झाली. कृष्णवेणीनं याचं वाईट वाटून घेतलं नाही, असं वेदवतीबाई सांगत. कृष्णवेणीला कोणी विचारलं नव्हतं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती वेदवतीबाईंनी नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नव्हती.

सकाळी आंघोळ झाली की त्या धाबळी, म्हणजे सोवळ्याची लोकरी शाल, गुंडाळून स्वयंपाकघरामागच्या युटिलिटीत, म्हणजे धुण्याभांड्यांच्या जागेत, पाटावर बसायच्या. पिळलेलं लुगडं आत टाकायचं, बटण दाबायचं आणि गोल काचेकडे बघत राहायचं. सुती नऊवारी वाळायला तासभर लागायचा. तेवढ्या वेळात त्यांना कुणी शिवत नसे, कुणी काही मागत नसे. ओठ हलताना दिसले की लोकांना वाटायचं स्तोत्र चाललंय, म्हणून बोलायलाही कुणी येत नसे. सुरुवातीला खरंच स्तोत्र चालायचं. पुढे पुढे ओठ नुसतेच हलायचे.

काचेआड जांभळा रंग वर चढायचा, घरंगळायचा, परत चढायचा. बघता बघता तो कपिला नदी व्हायचा. नंजनगूडच्या घाटावर दगडांवर लुगडी पसरलेली, आणि परकरातली वेदवती पाण्यात पुढे पुढे चाललेली, इतकी पुढे की काठावरच्या हाका कानाला लागेनाशा झालेल्या. कधी त्या एका गावात उतरायच्या. गावाला नाव नव्हतं. हातात पिशवी नाही, कुणी न्यायला आलेलं नाही, आणि याचं काही वाटतही नाही. एका शांत गल्लीत जिना चढून गेलं की त्यांची एक खोली होती. खोलीत खुर्ची आणि खिडकी. दुसऱ्या दिवशी पाटावर बसलं की स्वप्न काल सोडलं तिथून पुढे सुरू व्हायचं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी त्या खिडकीला पडदे लावले, फिके हिरवे. त्या खोलीत त्या काही करत नसत. खुर्चीत बसून खालून जाणारी माणसं बघत, आणि त्यातलं एकही आपलं नाही याचं त्यांना फार सुख वाटे. मग यंत्र वाजायचं, लुगडं ऊन ऊन अंगाला लागायचं, आणि सुधींद्रची आई पदर खोचून स्वयंपाकाला लागायची.

आता हे सरळच सांगून टाकायला हवं. ज्या सोवळ्यानं कितीकांना महिन्याच्या महिन्याला कोपऱ्यात बसवलं, कितीकांना उंबऱ्याबाहेरून ओंजळीत पाणी घातलं, त्याच सोवळ्यानं वेदवतीबाईंना रोज तासभर मोकळं सोडलं होतं. यात न्याय काही नाही. पण त्यांना तो तास हवा होता, जिवापाड हवा होता, आणि मडीवाचून तो मिळायचा दुसरा रस्ता त्यांना कधी कुणी दाखवला नव्हता.

ड्रायर गेल्यापासून तो तासही गेला. आंघोळ झाली की धाबळीतच थेट चुलीपुढे. इकडून हाक, तिकडून हाक. त्या चिडचिड्या झाल्या आणि चिडण्याचं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून आणखी चिडल्या.

रविवारी जेवणं झाल्यावर सुधींद्रनं विषय काढला. कडकोळच्या कारखान्यात तो इंजिनिअर, त्यामुळे घरातल्या यंत्रांबद्दल शेवटचा शब्द आपला असं त्याला वाटे.

"आई, सुम्ने, उगाच दोन-दोन मशीन कशाला? आता एकच घेऊया. त्यातच धुतं, त्यातच वाळतं. एका दगडात दोन पक्षी. जागा पण उरते की."

"त्यातच?"

"हां. इराचे लंगोट, माझे सॉक्स, तुझं लुगडं, येल्ला."

येल्ला म्हणजे सगळं. वेदवतीबाईंना त्या सगळ्यात आपलं लुगडं मोज्यांना मिठी मारून फिरताना दिसलं. पण अंगावर काटा आला तो मोज्यांमुळे नव्हे. इरा चार महिन्यांची नात, लाघवी पोर, दिवसभरात लंगोटांचा डोंगर करणारी. एकदा तो डोंगर यंत्रात शिरला की यंत्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं. तिथं पाट मांडून बसणार कोण आणि कुठल्या तोंडानं?

"घाई करू नका," भीमसेनराव म्हणाले. ते तंबाखूची प्रतवारी करण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले, नोकरी सगळी पिरियापट्टणला. घरातला कुठलाही विषय पिरियापट्टणला शिवल्याशिवाय पुढे जात नसे. "वाळवणं म्हणजे नुसती गरम हवा सोडणं नव्हे. पिरियापट्टणला बॅरनमध्ये, त्या भट्टीच्या खोलीत, पान टांगलं की बघायचं, आच वाढवायची, परत बघायचं. घाई केली की पान काळं पडतं."

"अण्णा, लंगोट काळे पडत नाहीत."

ऋचा इराला खांद्यावर थोपटत उभी होती. केस विंचरायचे राहिलेले, एका बाहीवर दूध सांडलेलं. "मला काहीही चालेल," ती म्हणाली. "फक्त लवकर आणा. गच्चीतलं काहीच वाळत नाहीये."

सगळ्यांनी वेदवतीबाईंकडे पाहिलं.

"काच पाहिजे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दाराला काच पाहिजे. आतलं दिसायला पाहिजे."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटलं की असंच होतं. सुधींद्रला वाटलं म्हातारपणी आई डिझाइन बघायला लागली.

सुधींद्रला रजा नव्हती, म्हणून दोन दिवसांनी सासूसुनाच निघाल्या. इरा दूध पिऊन झोपली होती, तिच्यापाशी आजोबा. बाहेर म्हैसूरचा बारीक पाऊस, पडतोय की लोंबकळतोय ते कळू न देणारा. देवराज मोहल्ल्यात शिंप्यांच्या दारांत ब्लाउज टांगलेले, तेही दमट. ऋचा डोकं रिक्षाच्या कांबीला टेकवून बसली होती आणि तिचा हात आपल्याच गुडघ्यावर थाप टाकत होता. मांडीवर मूल नव्हतं, तरी थोपटणं चालूच.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर भिंतीला लागून यंत्रांची रांग होती. पांढरी, राखाडी, आणि प्रत्येकाला एक गोल दार. विकणारी मुलगी पावनी. बोलण्यात गोड, आणि कुठलं यंत्र खपवायचंय हे आधीच ठरवून आलेली. ती त्यांना धुणं-वाळवणं एकत्र असलेल्या मोठ्या यंत्रापाशी घेऊन गेली.

"आंटी, आजकाल सगळे हेच नेतात."

"यात धुणं चालू असताना वाळत घालता येतं?" वेदवतीबाईंनी कन्नडात विचारलं.

"नाही आंटी, एकावेळी एकच."

"मग साकु," म्हणजे पुरे, असं म्हणून त्या पुढे सरकल्या. सुधींद्रला सांगायला एक कारण तरी सापडलं होतं.

पुढच्याला दार होतं पण काच नव्हती. नुसतं पांढरं, मिटलेलं. त्याच्यापुढे त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. पावनी स्वस्ताई सांगत राहिली. तिसरं यंत्र रांगेच्या टोकाला, खिडकीजवळ होतं. पावनीनं त्याचं दार उघडलं आणि आत दिवा लागला. पिवळसर, निवांत. ड्रम उजळून निघाला.

"हा हीट पंपवाला. पाइप बाहेर काढायला नको, पाणी या ट्रेमध्ये जमतं. आवाज कमी, कपडे करपत नाहीत." मग मुलीनं प्रामाणिकपणे आवाज उतरवला. "एकच तोटा आहे आंटी. वेळ फार घेतो."

"किती?"

"आधीच्यापेक्षा पुष्कळ जास्त. हवा जास्त तापत नाही ना, हळूहळू वाळवतो."

"अय्यो," वेदवतीबाई म्हणाल्या, पण चेहरा असा खुलला की पावनी गोंधळली. तोटा ऐकून इतकं हरखलेलं गिऱ्हाईक तिनं पाहिलं नव्हतं. "चालवून दाखव की."

पावनीनं दाखवण्यासाठी ठेवलेले दोन टॉवेल ओले करून आणले, एक नारिंगी आणि एक निळा. यंत्र सुरू झालं. दोघींना बसायला प्लास्टिकचे स्टूल दिले आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली.

टॉवेल वर चढले, घरंगळले. निळ्यावर नारिंगी, नारिंगीवर निळा. वेदवतीबाईंनी पाठ सैल सोडली. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न लांब गेले, मग आणखी लांब. गल्ली आली, जिना आला. त्या चढू लागल्या. पण अर्ध्या जिन्यात त्यांना जाणवलं की शेजारची हालचाल थांबली आहे.

त्यांनी मान वळवली. ऋचाचा गुडघ्यावर थापटणारा हात निपचित पडला होता. डोळे उघडे होते पण ती तिथं नव्हती. निळा-नारिंगी उजेड तिच्या चेहऱ्यावरून फिरत होता, ओठ किंचित उघडे होते, आणि गेल्या चार महिन्यांत वेदवतीबाईंनी तिच्या कपाळावर पाहिलेली आठी कुणीतरी पुसून टाकली होती. आपण सकाळी कशा दिसत असू हे वेदवतीबाईंना कधी कळलं नव्हतं. आरसा काही युटिलिटीत नव्हता. ते त्यांना आत्ता कळलं.

पहिल्यांदा त्यांना राग आला. हे माझं आहे, असं लहान मुलासारखं वाटलं. मग त्यांनी सुनेच्या बाहीवरचा दुधाचा डाग पाहिला, आणि तो राग फार वेळ धरता येईना.

ऋचाच्या मांडीवरचा फोन थरथरला. भीमसेनरावांचा होता. वेदवतीबाईंनी तो हळूच उचलून कानाला लावला. मागे इरा रडत होती.

"उठली ही. ऋचाला दे."

"नाही देत. खांद्यावर घेऊन चूर, थोडं फिरवा."

"अगं, ती आईला शोधतेय."

"शोधू दे. तुम्ही पिरियापट्टणला इतकी वर्षं पानं राखली, एक पोर राखता येत नाही का? येतो आम्ही थोड्या वेळानं." आणि त्यांनी फोन बंद केला. नवऱ्याचा फोन असा मधेच ठेवायची त्यांना सवय नव्हती.

यंत्र चालत राहिलं. बऱ्याच वेळानं ऋचा दचकली.

"आई, मी झोपले होते का?"

"नाही. गेली होतीस."

"कुठे?"

"मला काय माहीत. ते विचारायचं नसतं."

ऋचा हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग जे बोलली ते सासूकडे न बघता, काचेकडे बघत. "दिवसभर माझ्या अंगाला कोणी ना कोणी चिकटलेलं असतं, आई. रात्रीसुद्धा. इरा, मग सुधींद्र, मग परत इरा. पाहुणे आले की तेही हात धरून बोलतात. कधीकधी मला इराचा राग येतो. एवढ्याशा पोरीचा. आणि मग त्या रागाचीच भीती वाटते. मी वाईट आई आहे का?"

सुधींद्र लहान असताना हाच राग वेदवतीबाईंनाही आला होता, आणि तो त्यांनी गिळला तेव्हा कुणाला कळलंही नव्हतं. गिळलेलं पचतंच असं नाही.

"मी सकाळी स्तोत्र म्हणत नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मडीत बसते तेव्हा. कधीची म्हणत नाही. सुम्ने, नुसती बसते. कुणी शिवत नाही म्हणून बसते." एवढं बोलून त्या उठल्या. "चल, हेच घेऊ. दिवावालं."

यंत्र घरी आलं, बसलं. सुधींद्रनं कुरकुर केली, पण धुताना वाळवता येत नाही हे कारण इंजिनिअरला मान्य करावंच लागलं. या वेळी हळदीची वाटी निघाली नाही. कृष्णवेणीला वेदवतीबाईंनी आपण होऊन सांगितलं की आता तिकडचाही केर काढत जा. तरी ती तो कोपरा सोडूनच केर काढते. सवय लावायला एक दिवस पुरला होता, मोडायला वेळ लागणार.

पहिल्या सकाळी वेदवतीबाई आंघोळ करून धाबळी गुंडाळून आल्या. बादलीत पिळलेलं जांभळं लुगडं. नव्या काचेत त्यांचाच चेहरा दिसत होता. किती दिवसांनी तो तास परत मिळणार होता, आणि आता तर तो तासापेक्षा मोठा होता. त्यांनी दार उघडलं, दिवा लागला. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग लुगड्याची बादली त्यांनी पायानं बाजूला सारली आणि सुनेला हाक मारली.

ऋचा ओले लंगोट घेऊन आली.

"आंघोळ झाली?"

"आत्ताच. का?"

"ते आत टाक. आणि पाटावर बस."

ऋचाला कळायला क्षण लागला. "आई, खरं सांगू? मला हे सोवळं वगैरे पटत नाही."

"पटायला कुठं सांगतेय? बस."

ऋचा बसली. ओल्या केसांचं पाणी पाठीवर ओघळत होतं. आत लहान लहान पांढरे चौकोन वर चढले आणि उजेडातून संथपणे खाली पडू लागले. वेदवतीबाई मागे उभ्या राहिल्या. थोड्याच वेळात सुनेचे खांदे खाली आले.

तेवढ्यात सुधींद्र आला, अंगात कारखान्याचा शर्ट, हातांत रडणारी इरा. "ऋचा, घे हिला, माझी बस येईल."

वेदवतीबाई दारात आडव्या झाल्या. "थांब. शिवू नकोस तिला. मडीत आहे ती."

"कोण? ऋचा?"

"हां. मशीन थांबेपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. हाक पण मारायची नाही."

सुधींद्रनं आईकडे पाहिलं, बायकोच्या पाठीकडे पाहिलं, परत आईकडे पाहिलं. या घरात वाढलेला मुलगा तो. मडी म्हटल्यावर पुढे पाऊल टाकायची त्याची छाती नव्हती. "मग हिचं काय करू?"

"मला दे."

"आई, तू धाबळीत आहेस. मूल उघडं असलं तर चालतं, हिला कपडे आहेत. तुझी मडी मोडेल."

"मोडू दे."

"आणि नैवेद्य?"

"उशिरा होईल. देवाला काही कडकोळची बस पकडायची नाही."

इरा त्यांच्या कडेवर आली तीच खालून ओली. लोकर चिंब झाली, आणि त्या चिमुकल्या मुठीनं त्यांचे केस असे धरले की सोडवता येईनात. आपला तास गेला याचं वेदवतीबाईंना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. चांगलंच वाईट वाटलं. त्यांनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि युटिलिटीचं दार आवाज न करता बाहेरून ओढून घेतलं.